इंटरनेट नसलेल्या वाडीत ‘कोलिब्री’ : एका शैक्षणिक सॉफ्टवेअरचे परीक्षण

‘कोलिब्री’ हे इंटरनेटशिवाय चालणारे मोफत शैक्षणिक सॉफ्टवेअर गुहागर तालुक्यातील खाडीकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेत पूर्ण शैक्षणिक वर्षभर वापरले गेले. ते बसवणे, त्यात साहित्य भरणे आणि शिक्षकांना त्याची ओळख करून देणे या कामांत निवृत्त विज्ञान शिक्षिका या नात्याने माझा सहभाग होता आणि त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. जिथे इंटरनेटचा भरवसा नाही अशा शाळेसाठी इतक्या विचारपूर्वक घडवलेले दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. मात्र मराठी माध्यमाच्या शाळेला ते जसेच्या तसे पुरे पडत नाही. त्यातील मराठी साहित्याची उणीव शिक्षकांनाच भरून काढावी लागते आणि ते काम किती मोठे आहे हे समजून घेतल्याशिवाय कोणत्याही शाळेने या वाटेला जाऊ नये.

हे साधन कोणत्या परिस्थितीत पारखले गेले ते सांगणे आवश्यक आहे. कोकणातले गाव म्हणजे एकगठ्ठा वस्ती नव्हे. ते डोंगरउतारावर, खाडीच्या कडेने आणि सड्यालगत, म्हणजे जांभ्या दगडाच्या उंच माळालगत, विखुरलेल्या वाड्यांचे बनलेले असते, आणि मधे एखादी टेकडी आली की एका वाडीत मिळणारी रेंज शेजारच्या वाडीत मिळत नाही. आमच्या शाळेच्या वाडीतून फोन लावायचा तर आजही माणसे सड्यावर चढतात. पावसाळ्यात झाडे पडून वीज गेली की मोबाइलच्या मनोऱ्याची बॅटरी टिकेल तितका वेळच तीही सोय राहते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील कित्येक गावे दिवसेंदिवस विजेविना आणि संपर्काविना होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या किनाऱ्याला तडाखा दिला. नेमक्या त्याच काळात शाळा बंद असल्यामुळे सगळे शिक्षण मोबाइलवर आले होते. रेंजसाठी डोंगरावर आडोसा उभारून अभ्यास करणाऱ्या मुलांच्या बातम्या तेव्हा कौतुकाने छापून आल्या. त्या मुलांच्या जिद्दीचे कौतुक व्हायलाच हवे होते, पण अभ्यासासाठी मुलाला डोंगर चढावा लागतो ही व्यवस्थेची उणीव आहे, आणि शाळेसाठी साधन निवडताना ती नजरेआड करणे मला योग्य वाटत नाही.

‘डिजिटल शाळा’ या नावाखाली मिळणारी बरीचशी साधने इंटरनेट आहेच असे धरून चालतात. कोलिब्रीची घडण दुसऱ्या टोकापासून झाली आहे. लर्निंग इक्वॅलिटी ही कॅलिफोर्नियातील ना-नफा संस्था ते तयार करते. खान अकॅडमी या मोफत शिकवणाऱ्या संकेतस्थळाचे व्हिडिओ आणि सराव इंटरनेट नसलेल्या ठिकाणी पोहोचावेत म्हणून सान डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील काही जणांनी २०१२ साली ‘केए लाइट’ नावाचे सॉफ्टवेअर केले होते. त्या कामाच्या अनुभवातून पुढे कोलिब्री उभे राहिले, आणि त्यात एकाच संस्थेचे नव्हे तर अनेकांनी मुक्त परवान्याखाली, म्हणजे इतरांना वापरू आणि वाटू देण्याच्या अटीवर, दिलेले साहित्य ठेवण्याची सोय झाली. सॉफ्टवेअरचा सोर्स कोड खुला आहे. परवान्याचे शुल्क नाही, वार्षिक वर्गणी नाही, मुदत संपणे नाही. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्याच परिसरातील एका शाळेने लोकवर्गणीतून घेतलेला ‘स्मार्ट क्लास’चा संच पुरवठादाराची वार्षिक वर्गणी थकल्यावर उघडेनासा झाला, आणि चाकरमान्यांनी गणपतीत घरोघर फिरून जमवलेले पैसे भिंतीवरच्या एका बंद पडद्यात अडकून पडले.

कोलिब्रीची रचना समजायला सोपी आहे. एका संगणकावर ते बसवायचे, त्यात हवे ते साहित्य उतरवून घ्यायचे आणि तो संगणक वाय-फायने शाळेतील टॅब, मोबाइल किंवा जुन्या लॅपटॉपशी जोडायचा. मुले नेहमीच्या ब्राउझरमध्ये ठरलेला पत्ता उघडतात आणि सगळे साहित्य समोर येते. या वाय-फायचा बाहेरच्या इंटरनेटशी काहीही संबंध नसतो. पालकसभेत ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली, कारण वाय-फाय म्हणजे इंटरनेट आणि इंटरनेट म्हणजे मुलांच्या हाती नको ते सगळे, अशी भीती पालकांच्या मनात असते आणि ती निराधार नाही. शाळेच्या पेटीत, म्हणजे या संगणकात, आम्ही ठेवले तेवढेच मुलांना दिसते, हे आज्यांनी स्वतः टॅब हातात घेऊन पाहिल्यावर विरोध मावळला. आज्या म्हणण्याचे कारण असे की आमच्या वाडीत पालकसभेला येणाऱ्यांत त्याच जास्त असतात. आईवडील नोकरीनिमित्त मुंबईत आणि नातवंडे गावी, अशी अनेक घरे इथे आहेत.

कोलिब्री विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइड या तिन्हींवर चालते, त्यामुळे शाळेत एखादा बरा संगणक पडून असेल तर नवे काही घेण्याची गरज नाही. आम्ही रास्पबेरी पाय ४ हा तळहातावर मावणारा संगणक घेतला. मुलांना संगणकशास्त्र शिकता यावे या हेतूने केंब्रिजच्या एका धर्मादाय संस्थेने २०१२ मध्ये बाजारात आणलेल्या मालिकेतील हा चौथा टप्पा. त्याला पाच व्होल्ट आणि तीन अँपिअरचा पुरवठा पुरतो, म्हणजे चांगल्या पॉवर बँकेवरही तो शाळेचे कामकाज चालवू शकतो. आमच्याकडे वीज दिवसातून अनेकदा जाते, तेव्हा हा गुण इतर सगळ्या गुणांच्या वर ठेवावा लागतो. संगणक, एक साधा राउटर, डिस्क आणि काही टॅब एवढा खर्च वाडीच्या मुंबई मंडळाने उचलला. रास्पबेरी पायमध्ये स्वतःचे वाय-फाय असते, पण आमच्या शाळेच्या जांभ्याच्या जाड भिंतींपलीकडे ते नीट पोहोचत नाही आणि एका वेळी थोडीच उपकरणे सांभाळते. म्हणून वेगळा राउटर घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन.

बसवण्याचे काम अवघड नाही. मेमरी कार्डवर सॉफ्टवेअरची तयार प्रत उतरवणे आणि सुरुवातीचे काही प्रश्न भरणे, इतके ज्याला संगणकाची सवय आहे त्याला दुपारभरात जमते. खरा वेळ जातो तो साहित्य उतरवण्यात. कोलिब्रीत साहित्य ‘चॅनल’ या रूपाने येते, आणि मोठे चॅनल सबंध घ्यायचे म्हटले तर ते कित्येक जीबींचे असते. प्रत्येक चॅनलमधील हवा तो घटक निवडून घेता येतो आणि निवडतानाच त्याचा आकार समोर दिसतो, ही सोय ज्याने केली त्याला मर्यादित डेटा म्हणजे काय हे नक्की ठाऊक असले पाहिजे. आम्ही चिपळूणला एका परिचितांच्या घरी ब्रॉडबँडवर सगळे साहित्य डिस्कवर घेतले आणि शाळेत आणून डिस्कवरून पेटीत भरले. एका शाळेने अशी डिस्क तयार केली की ती केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, दुसऱ्या शाळेलाही देता येते. साहित्य मुक्त परवान्याचे असल्यामुळे त्यात चोरून काही केल्याचा प्रश्न येत नाही.

आता वर्गातील वापराविषयी, कारण परीक्षणाचा खरा भाग तोच आहे.

आमच्या शाळेत पहिली ते सातवीचे वर्ग आहेत, पट कमी आहे आणि शिक्षक मोजकेच आहेत. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. अशा ठिकाणी एका इयत्तेला शिकवताना उरलेल्या इयत्तांना काय काम द्यायचे हा रोजचा प्रश्न असतो, आणि कोलिब्रीचे मोल तिथे कळते. शिक्षक वर्ग तयार करतो, वर्गात गट पाडतो आणि प्रत्येक गटाला वेगळा पाठ नेमून देतो. सहावीची मुले टॅबवर सराव करत असताना बाई पाचवीला फळ्यावर शिकवू शकतात. मुलांना पासवर्डाशिवाय नुसत्या नावाने आत जाता येईल अशी व्यवस्था ठेवता येते. लहान वर्गांसाठी ती ठेवावीच, नाहीतर तासिकेचा बराच वेळ विसरलेले पासवर्ड शोधण्यात जाईल. सरावात ठरवून दिलेल्या संख्येइतकी बरोबर उत्तरे आल्याशिवाय तो पूर्ण झाला असे धरले जात नाही, त्यामुळे नुसते पुढे पुढे जाण्याला आळा बसतो.

सहावीच्या अपूर्णांकांचा एक प्रसंग नमुन्यादाखल देते. भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज हा घटक शिकवून झाला होता आणि फळ्यावरची उदाहरणे मुले बरोबर सोडवत होती. बाईंनी आम्ही तयार केलेला बहुपर्यायी सराव टॅबवर दिला. त्यात १/२ आणि १/३ यांच्या बेरजेचे उदाहरण होते आणि पर्यायांत त्यांनी २/५ हा पर्याय मुद्दाम ठेवला होता, कारण अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणाऱ्या मुलाचे उत्तर हेच येणार. तास संपल्यावर त्यांनी शिक्षकांसाठीचे पान उघडले. कोणत्या मुलाने कोणत्या प्रश्नाला किती वेळा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी कोणता पर्याय निवडला, हे तिथे ओळीने दिसते. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी पहिल्या प्रयत्नात २/५ निवडले होते, आणि त्यांत वर्गात नेहमी हात वर करणारी दोन मुले होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी टॅब बाजूला ठेवले, कागदाच्या पट्ट्या घेतल्या, घड्या घालून एकीचे दोन आणि दुसरीचे तीन समान भाग करायला लावले आणि नुसती अर्धी पट्टीच जिथे २/५ हून मोठी आहे तिथे बेरीज २/५ कशी येईल, हे मुलांकडूनच वदवून घेतले. त्यानंतर तोच सराव पुन्हा दिल्यावर चूक करणारी मुले थोडीच उरली, आणि ती कोण हे नावानिशी समोर होते.

या प्रसंगात शिकवण्याचे काम कागदाच्या पट्ट्यांनी केले, हे मी मुद्दाम नोंदवते. सॉफ्टवेअरने बाईंना एवढेच दाखवले की कोणाचे काय चुकते आहे, आणि तेही दुसऱ्या दिवशीच्या तासाआधी दाखवले. वह्या तपासूनही हे कळले असते. पण तीन इयत्तांच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकाला ते घटक चाचणीनंतर कळले असते. १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीत संगणक बसवून मुलांवर सोडून दिल्याचा प्रयोग प्रसिद्ध आहे, आणि मुले एकमेकांकडून संगणक चालवायला शिकतात हे त्यातून दिसलेही. अपूर्णांकांतली चूक मात्र अशी सुटत नाही. चुकीमागचा विचार ओळखणारे माणूस तिथे लागतेच, आणि कोलिब्रीची आखणी करणाऱ्यांनी शिक्षकाला ही जागा दिली आहे हे मला या साधनात सर्वांत अधिक आवडले.

आता उणिवेकडे वळते. कोलिब्रीची बटने आणि सूचना मराठीत ठेवता येतात. पण आतला साठा मराठी नाही. मोठ्या चॅनलांतील साहित्य प्रामुख्याने इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच अशा भाषांत आहे, हिंदीतही बरेच आहे. मराठी माध्यमाच्या मुलासाठी इयत्तावार गणित किंवा विज्ञान असा सलग संच आम्हाला त्यात मिळाला नाही. हिंदी व्हिडिओंवर काम भागेल असे सुरुवातीला काही जणांना वाटले, कारण दूरदर्शन संचामुळे मुलांना हिंदी समजते. परंतु गोष्ट समजणे वेगळे आणि परिभाषा समजणे वेगळे. गणिताच्या संज्ञा दोन्ही भाषांत इतक्या निराळ्या आहेत की चौथी-पाचवीच्या मुलाचे लक्ष गणिताऐवजी शब्दाशी झगडण्यात जाते. हिंदी साठा आम्ही शिक्षकांच्या संदर्भासाठी ठेवला आणि मुलांच्या पानांवरून काढून टाकला.

मराठीत समाधानकारक मिळाले ते गोष्टींचे साहित्य. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरील चित्रमय गोष्टी वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत, मुक्त परवान्याच्या आहेत आणि त्यांत मराठीचा वाटा चांगला आहे. दुसरी-तिसरीची मुले मधल्या सुट्टीत आपणहून टॅब मागून त्या वाचतात. एक मूल मोठ्याने वाचते आणि दोघे चित्रे बघत ऐकतात, असे गट वर्गाच्या दारात बसलेले मी पाहिले आहेत. समुद्र, खाडी, होडी, भातशेती यांच्या गोष्टी मात्र मला हव्या तितक्या सापडल्या नाहीत.

विज्ञानासाठी ‘फेट’च्या (PhET) प्रतिकृती, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, उपयोगी पडल्या. नोबेल पारितोषिक मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प आहे. त्यातील अनेक प्रतिकृती मराठीत भाषांतरित झाल्या असून त्या उतरवून ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालवता येतात. विद्युत परिपथ जोडण्याच्या प्रतिकृतीत मुले तारा, सेल आणि बल्ब हलवून पाहतात, तार तोडतात, दिवा विझलेला बघतात. माझा आग्रह एवढाच की खरा सेल, खरी तार आणि खरा बल्ब आधी हातात द्यावा आणि मग पडदा दाखवावा. ज्या मुलाने तारेची टोके कधी खरवडली नाहीत त्याला पडद्यावरचा प्रवाह हा खेळच वाटतो.

कोलिब्रीच्या शेजारीच त्याच संगणकावर आम्ही किविक्स हे दुसरे मोफत सॉफ्टवेअर बसवले आणि त्यात सबंध मराठी विकिपीडिया ठेवला. २००३ पासून स्वयंसेवकांनी लिहिलेला हा कोश लेखांच्या दर्जाच्या बाबतीत सारखा नाही. काही लेख उत्तम आहेत, काही दोन ओळींचे आहेत. तरीही शब्द शोधून त्याविषयी वाचायचे ही सवय लागण्यासाठी तो अमोल आहे. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात हे मुलांना ठाऊक असते. ती कासवे कुठून येतात, पिल्ले पाण्यात गेल्यावर पुढे काय होते, हे त्यांनी शोधून वाचले आणि परिपाठात सांगितले.

उरलेली उणीव भरण्यासाठी कोलिब्री स्टुडिओ नावाची सोय आहे. या संकेतस्थळावर शिक्षक स्वतःचे चॅनल तयार करून त्यात व्हिडिओ, ध्वनिमुद्रण, पीडीएफ आणि प्रश्नसंच ठेवू शकतात. सुरुवातीला ५०० एमबी जागा मोफत मिळते आणि कारण देऊन अधिक मागता येते. यासाठी इंटरनेट लागते, म्हणून हे काम शृंगारतळीला किंवा चिपळूणला जाऊन करावे लागते. इथेच या साधनाची खरी किंमत कळते. एका घटकाचा नेटका प्रश्नसंच करायचा तर प्रश्न ठरवणे, चुकीचे पर्याय विचारपूर्वक निवडणे, इशारे लिहिणे आणि टंकलेखन या सगळ्यांत सुट्टीचा एक दिवस सहज जातो. सहावीच्या गणिताचे निम्मे घटकही आमचे वर्षभरात पूर्ण झाले नाहीत. एकट्या शाळेने हे करणे शक्य नाही. केंद्रातील शाळांनी घटक वाटून घेतले आणि एकाच चॅनलमध्ये भर घातली तरच ते होईल. तसे झाले तर एका वर्षी केलेला प्रश्नसंच पुढच्या प्रत्येक वर्षी प्रत्येक शाळेला उपयोगी पडतो, आणि हे श्रम वाया जात नाहीत हा मोठा दिलासा आहे.

स्वतः केलेल्या साहित्यातला एक पाठ मला विशेष प्रिय आहे. महाराष्ट्राने २०२० मध्ये पांढरी चिप्पी ही राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केली. चिप्पीची झाडे आमच्या खाडीत आहेत, पण पाठ्यपुस्तकाच्या अर्ध्या परिच्छेदात ती मावत नाहीत. ओहोटीच्या वेळी चिखलातून वर आलेली श्वसनमुळे, पानांची जाडी, मुळांत अडकलेले कालव आणि खेकडे यांचे चित्रण मुलांनी शिक्षकांच्या मोबाइलवर केले, माहिती खाडीत मासेमारी करणाऱ्या आजोबांकडून घेतली आणि निवेदन सातवीतल्या मुलीने केले. पुढच्या वर्गाला तो पाठ दाखवताना तिच्या धाकट्या भावाने “बाई, हा ताईचा आवाज!” म्हणून वर्ग डोक्यावर घेतला.

दीक्षाशी तुलना होणे साहजिक आहे. केंद्र शासनाने ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू केलेल्या या मंचाची बाजू एका बाबतीत निर्विवादपणे वरचढ आहे : बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन केला की त्याच धड्याशी जोडलेले मराठी साहित्य मिळते. अभ्यासक्रमाशी असा थेट सांधा कोलिब्रीत नाही. दीक्षाच्या ॲपमध्ये साहित्य उतरवून नंतर इंटरनेटशिवाय पाहताही येते. परंतु ते त्या एका मोबाइलवर उतरते, आणि आमच्याकडे मुलाच्या हाती येणारा मोबाइल संध्याकाळी घरी परतलेल्या माणसाचा असतो. ज्या घरात चांगला मोबाइल आणि रेंज आहे तिथे दीक्षा वापरावे. शाळेच्या चार भिंतींत सर्व मुलांना एकाच वेळी, कोणाच्याही डेटा पॅकवर अवलंबून न राहता काम द्यायचे असेल तिथे कोलिब्री वापरावे. आमच्या शाळेत दोन्ही वापरली जातात आणि त्यांत मला विरोध दिसत नाही.

शाळा सुटल्यावर हीच पेटी वाडीच्याही उपयोगी पडू लागली आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे आंबा मोहोर संरक्षणाचे वेळापत्रक आम्ही पीडीएफ रूपात त्यात ठेवले. तुडतुडे आणि भुरीसाठी कोणत्या टप्प्यावर कोणती फवारणी, हे दुकानदाराला विचारण्याऐवजी बागायतदार आता शाळेच्या ओट्यावर येऊन वाचतात. बचत गटातील महिला संध्याकाळी टॅब घेऊन टंकलेखनाचा आणि हिशेबाच्या तक्त्याचा सराव करतात. प्रौढांसाठी कोलिब्रीत वेगळे वर्ग ठेवता येतात, त्यामुळे मुलांच्या नोंदींशी सरमिसळ होत नाही. हा वापर अजून बाल्यावस्थेत आहे आणि त्याविषयी मोठे दावे करण्याची वेळ आलेली नाही.

देखभालीत तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. चालू असताना वीज तुटली तर रास्पबेरी पायचे मेमरी कार्ड बिघडू शकते, म्हणून मधे पॉवर बँक किंवा छोटा यूपीएस हवाच आणि साहित्याची प्रत वेगळ्या डिस्कवर असलीच पाहिजे. खाऱ्या हवेत जोडण्यांची धातूची टोके लवकर गंजतात. पावसाळ्यात उपकरण घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे, मात्र चालू असताना त्याला हवा लागते, तेव्हा डबा उघडा असावा. तिसरे म्हणजे टॅब. या सगळ्या संचात सर्वांत आधी तेच निकामी होतात; चार्जिंगची खोबण सैल होते आणि बॅटरी बसते. खर्चाचा अंदाज करताना संगणकापेक्षा टॅबच्या दुरुस्तीसाठी अधिक रक्कम राखून ठेवावी.

मुलांच्या माहितीच्या सुरक्षिततेबाबत कोलिब्री मला अधिक विश्वासार्ह वाटते. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने मे २०२२ मध्ये ४९ देशांतील १६४ शैक्षणिक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांपैकी ८९ टक्के उत्पादनांच्या माहिती हाताळण्याच्या पद्धती मुलांच्या हक्कांना बाधा आणणाऱ्या किंवा धोक्यात घालणाऱ्या आढळल्या होत्या. आमच्या मुलांची नावे, चुका आणि गुण शाळेतील पेटीतच राहतात. पेटी इंटरनेटला जोडली गेली तर वापराची एकत्रित, निनावी आकडेवारी निर्मात्या संस्थेकडे जाते. ती थांबवण्याची सोय आहे आणि जाणकाराकडून ती करून घ्यावी.

राहता राहिला बदलीचा प्रश्न, आणि कोकणातील शाळांत तो इतर सर्व प्रश्नांवर मात करतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची बदली होते, आणि ज्या एका शिक्षकाने आवडीने सगळे उभे केले तो गेला की उपकरण कपाटात जाते. पासवर्ड त्याच्याबरोबर जातो, डिस्क कुठली आणि कार्ड कुठले हे कोणाला ठाऊक नसते. यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये नाही, तो शाळेने करायचा आहे. कोलिब्रीत सर्वाधिकार असलेली खाती एकाहून अधिक ठेवता येतात. त्यांपैकी एक शिक्षकाकडे आणि दुसरे वाडीतच कायम राहणाऱ्या कोणाकडे असावे, मग ती अंगणवाडी सेविका असो, ग्रंथपाल असो की बारावी झालेली मुलगी असो. चालू-बंद करण्याची पद्धत, खात्यांची नावे, साहित्य कोणत्या डिस्कवर आहे आणि काय बिघडल्यास काय करावे, हे मराठीत वहीत लिहून ती वही शाळेच्या दप्तरात ठेवावी. शाळा व्यवस्थापन समितीने खरेदीचा ठराव करतानाच या दोन व्यक्तींची नावे त्यात घालावीत. आमच्या समितीने ती घातली, आणि या वर्षी सहावीच्या बाईंची बदली झाल्यावर नव्या गुरुजींना पेटी अंगणवाडी सेविकेनेच सुरू करून दिली.